आईला काय वाढलं?

ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये माझं वजन अगदी प्रमाणात निघालं, ट्रायग्लिसराइड्स मात्र जास्त. वय २८, ना सिगारेट, ना दारू. डॉक्टरांनी विचारलं, "जन्मताना वजन किती होतं?" मी घरी फोन लावला. "अडीच किलोसुद्धा नव्हतीस," आई म्हणाली आणि लगेच, "माझंच काही चुकलं का गं?"

त्या प्रश्नामुळे मी वाचायला बसले.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका बाळांची वजनं नोंदवून ठेवत. त्या जुन्या नोंदींवरून डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. त्यांची मांडणी अशी: पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर आधी मेंदूला पुरवतं. बाकीच्या अवयवांची काटकसर पुढे आयुष्यभर पुरते.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळी, आतून चरबी. म्हणजे मीच की! आई एकूण किती खाते यापेक्षा पालेभाज्या, फळं, दूध किती खाते, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. जड कामं करणाऱ्या बायकांची बाळं लहान होती.

आता आमचं घर बघा. माझ्या वेळी आई आठव्या महिन्यापर्यंत खुरपायला जायची. दूध डेअरीला, उरलेलं पुरुषांच्या चहाला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसायची, तेव्हा भाजीचा नुसता रस्सा उरलेला. वर आजी बजावायची, "जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल."

'आईने काय खाल्लं' हे सगळे विचारतात. तिला काय वाढलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून आईला सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही." जन्माचं वजन म्हणजे नशीबही नाही, रोज चालणं, गोड कमी करणं माझ्या हातात आहे.

वहिनीला पाचवा महिना लागलाय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं: मेथी, दूध आधी तिला. पाण्याचे हंडे दादाने उचलायचे. दादाचं 'ओके' आलंय. खरं काय ते वहिनीलाच विचारत राहणार आहे.