वाफ आणि केस

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरी नात आली, आणि मार्गशीर्षात न्हाणीघराच्या मोरीत केसांचा एक गुंता सापडला. गुंता लहानसहान नव्हता. मोरीचे पाणी तुंबवील एवढा होता. आमच्या सौभाग्यवतींनी तो काडीवर धरून माजघरात आणला व एखाद्या पंचनाम्यातील मुद्देमालाप्रमाणे आमच्यासमोर ठेवला. केस सूनबाईंचे होते हे सांगावयास नको होते. घरात तेवढे लांब केस दुसऱ्या कोणाचे नाहीत, आणि आमच्या डोक्यावर तर वादाला विषयच उरलेला नाही.

आरोपीही ठरलेला होता. बाळंतपणानंतर सूनबाईंची कंबर धरू लागली, म्हणून आमचे चिरंजीव तिला दर रविवारी चौक्याचा घाट ओलांडून शहरात नेत, व तेथील व्यायामशाळेच्या वाफेच्या खोलीत ती पंधरा मिनिटे बसून येई. "उन्हाळ्यात प्यायला टँकर, आणि हिवाळ्यात पैसे मोजून घाम!" असे सौभाग्यवती प्रथमपासूनच म्हणत होत्या. आता त्यांना पुरावा मिळाला. ज्याने पुष्कळ पुस्तके वाचली त्याला न्याय करता येतो असा एक समज आमच्या फुलंब्रीत आहे, व तो मोडण्याचा प्रयत्न आम्ही तीस वर्षांत कधी केलेला नाही. आम्ही कपाटातून अष्टांगहृदय काढले. दिनचर्येच्या अध्यायात वाग्भट सांगतो की, ऊन पाण्याने खालचे अंग न्हाणिले तर बळ येते. पण तेच पाणी डोक्यावर घेतले तर केसांचे व डोळ्यांचे बळ जाते. खटला संपला. वाफ बंद करावी असा निकाल आम्ही दिला. सूनबाई एवढेच म्हणाली, "बरं, बाबा." नंतर ती बाळाला घेऊन आत गेली.

रविवार येत राहिले, ती घरी राहिली, कंबर दुखत राहिली. आणि केसही गळत राहिले! ही शेवटची गोष्ट आमच्या लक्षात यावयास पाहिजे होती. आली नाही.

ती आली दौलताबादेत. परगावचे एक स्नेही किल्ला पाहण्यास आले होते, त्यांच्याबरोबर आम्ही तेथील शाही हमामात शिरलो. चाँदमिनार व अंधारी पाहून थकलेले प्रवासी या इमारतीकडे सहसा वळत नाहीत. मर्दनाची जागा, ऊन पाण्याची सोय, वाफेची सोय, हौद, पाण्याच्या नळ्या, वरून प्रकाश येण्याचे झरोके, सगळे आता कोरडे पडले आहे. ज्या मुलखात मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली व डोंगरातील झरे मातीच्या नळांनी गावात आणले, त्या मुलखात पाण्याची किंमत कोणाला ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? तरी त्याच मुलखात पाण्याची वाफ करून तीत बसण्यासाठी घुमट बांधले गेले. स्नेही सहज म्हणाले, "इथे येणाऱ्या सगळ्यांची टकले पडत असती, तर हे बांधले कोणी असते?" विनोद साधाच होता, आम्हांस मात्र तो परतीच्या वाटेवर हसू देईना.

घरी येऊन आम्ही पुन्हा पुस्तकांत शिरलो. या खेपेस निकाल आधी न ठरविता. चरकाने सूत्रस्थानात स्वेदाचा एक संपूर्ण अध्याय लिहिला आहे. अग्नीने घाम काढण्याचे तेरा प्रकार तो सांगतो. त्यांपैकी जेंताक म्हणजे पाण्याकाठी बांधलेली वाटोळी खोली व मध्ये भट्टी. फिनलंडातील सौनाची ही थोरली बहीणच. घाम काढताना डोळे व हृदय यांस जपावे असे तो बजावतो. वाग्भटाचे वचन डोक्यावर ओतलेल्या ऊन पाण्याचे आहे, वाफेच्या खोलीचे नव्हे, ही साधी गोष्ट आम्ही निकालाच्या घाईत गिळली होती. आमच्या वर्गातील एखाद्या मुलाने शेक्सपिअरची ओळ अशी वापरली असती, तर आम्ही त्याला उभे केले असते.

आणखी एक गंमत हाती लागली. पाटण्याचा शेख दीन महंमद इंग्लंडात ब्रायटन येथे वाफेचे स्नान व अंगमर्दन यांचा धंदा करी. १८२२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले, आणि इंग्लंडच्या दोन राजांचा तो 'शांपू करणारा' झाला. 'शांपू' हा शब्द 'चाँपना'वरून गेला, म्हणजे आपल्या 'चेपणे'चे ते भावंड वाटावे. आरंभी त्यात केस धुण्याचा संबंध नव्हता. वाफ व चेपणे एवढाच अर्थ होता. आज तोच शब्द बाटलीत बसून परत आला आहे, व वाफेला मात्र केसांचा शत्रू ठरविण्यात येत आहे.

आता शास्त्राचे. केसाचा जो भाग आपणांस दिसतो तो निर्जीव. जिवंत ते मूळ, आणि ते कातडीच्या आत. वाफेच्या खोलीत उष्णता चाळीस-पन्नास अंशांची व हवा ओलीचिंब. सौनात ती ऐंशी ते शंभर अंशांची, पण हवा कोरडी. यांपैकी कोणतीही मुळाला धक्का लावीत नाही. दिसणाऱ्या केसाचे मात्र नुकसान होऊ शकते. केस आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पितो, फुगतो, आणि ओला असताना फार ताणला जातो. त्या वेळी फणी घातली की तुटतो. वारंवार फुगणे व सुकणे त्याला मानवत नाही. सौनाच्या कोरड्या झळीने तो रुक्ष होतो. म्हणून रशियन लोक स्नानगृहात लोकरी टोपी घालतात. आपल्याकडील उपाय खोबरेल तेलाचा. मुंबईच्या रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसात शिरते व त्यातील प्रथिनांचा नाश कमी करते. सूर्यफुलाच्या व खनिज तेलांस ते साधत नाही. शनिवारी रात्री तेल चोपडणाऱ्या आमच्या आजीला हे कळले असते, तर ती म्हणाली असती, "मग यात नवीन ते काय?" टक्कल हा वेगळा विषय. ते पुरुषी अंतःस्रावाचे काम आहे हे हॅमिल्टनने १९४२ सालीच दाखविले. वाफ ते आणीत नाही व घालवीतही नाही. आमच्यापुरते हे वाचून थोडे वाईट वाटले.

मग उरला तो मोरीतला गुंता. सूनबाईंच्या डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न एका वाक्यात सोडविला: "केसाच्या टोकाला पांढरी गाठ आहे का, ते पाहा." आम्ही भिंग घेऊन उजेडात बसलो. बहुतेक प्रत्येक केसाच्या एका टोकाला खसखशीहूनही लहान अशी पांढरी गाठ होती. म्हणजे केस मध्येच तुटलेले नव्हते, मुळापासून सुटलेले होते. आणि वाफ मुळापासून केस सोडवीत नाही. गरोदरपणी जे केस गळावयाचे राहतात, ते बाळंतपणानंतर एकदमच विसाव्यास जातात व सुमारे तीन महिन्यांनी एकत्र गळतात; बहुधा वर्षाच्या आत पुन्हा भरून येतात. श्रावण ते मार्गशीर्ष, हिशेब बोटांवर जमत होता. नातीचेही मागचे जावळ त्याच सुमारास उडाले होते. त्यावर मात्र आमच्या घरात कोणी खटला भरला नव्हता.

सासऱ्याने सुनेची क्षमा कशी मागावी याचा अध्याय आम्हांस कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. संध्याकाळी ती ओसरीवर बाळाला निजवीत होती. वेणी आता करंगळीएवढी झाली होती. "सूनबाई," आम्ही म्हणालो, "आमचा निकाल चुकला. केस वाफेने गेले नव्हते."

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने मांडीवरच्या पोरीकडे पाहिले. "तुम्ही पुस्तक काढलं होतं ना."

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी गाडी काढली. सौभाग्यवतींनी सुनेच्या डोक्याला वाटीभर खोबरेल चोळले, त्यावर ओला पंचा कसून बांधून दिला, आणि "फणी तिथे घालू नकोस, वाळल्यावर घरी घाल," असे दारापर्यंत सांगत गेल्या. नातीला आमच्या मांडीवर ठेवण्यात आले होते. तिने आमचे डोके चाचपून पाहिले, धरण्यासारखे काही सापडले नाही, म्हणून मिशीला हात घातला.