खळ निघताना

कराटेचा नवा ड्रेस पिशवीतून बाहेर येतो तेव्हा अंगावर घालायची वस्तू वाटत नाही. घड्या इतक्या पक्क्या, की उलगडला तरी चौकोन तसेच उमटलेले. बाह्या दंडापासून फटकून उभ्या राहतात, विजारीच्या मोहऱ्या घोट्याला खरखरतात आणि गळ्याशी शिवणीवर शिवण घातलेली जी जाड पट्टी असते ती मानेवर लाल वळ उठवते. आमच्या परतुरात क्लासला नव्यानंच जाऊ लागलेली पोरगी रस्त्यात लगेच ओळखू येते. ती मान जराशी तिरपी धरून चालते.

हा ताठपणा कापसाचा नाही. परतूरच्या माणसाला कापूस काय असतो ते सांगावं लागत नाही. दुधना नदीच्या अलीकडे-पलीकडे काळ्या रानात दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला बोंडं फुटतात, पहिल्या वेचणीला बायका शेतात सीतादही करतात, मग ओट्यात भरभरून पांढरं सोनं घरी येतं. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या एकशेसत्तर किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रक निघून जातात. बोंडातून नुकता ओढलेला कापसाचा पुंजका दोन बोटांत धरून पाहावा, त्याचा स्पर्श आपल्याला जाणवेपर्यंत तो बोटांत विरलेला असतो. तोच कापूस कुठल्या कुठल्या गिरण्या हिंडून या ड्रेसच्या रूपानं परत येतो आणि लेकीच्या मानेला टोचतो. मला याचं फार नवल वाटत आलं आहे.

कारण मागावर आहे. विणताना ताण्याचे उभे धागे फणीतून हजारदा घासून जातात. तसेच सोडले तर तुटतील. म्हणून विणण्याआधी त्यांना खळ देतात, जुने विणकर त्याला पांजणी म्हणतात. धाग्याभोवती पिठाचा पातळ लेप बसतो, धागा ताठ होतो आणि मागाचा मार सोसतो. शिवाय ताणा सतत ओढून धरलेला असतो. म्हणजे कोऱ्या कापडात दोन गोष्टी अडकून बसलेल्या असतात, एक पिठाचा लेप आणि दुसरा तो ताण. बाजारात यायच्या आधी बरंच कापड धुऊन निघतं हे खरं. पण कराटेच्या कॅनव्हासला विक्रीसाठी पुन्हा कडक करतात. घडी ऐटदार दिसावी म्हणून.

माझ्या लेकीचा नवा ड्रेस आईनं हातात घेतला, अंगठ्यानं कापड चोळून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला पाणी पाहिजे गं. रातभर भिजू घाल." तिनं आयुष्यात कराटे पाहिलेलं नाही, पण मांजरपाट, खादी, चादरी, लुगडी असं सगळं कोरं कापड तिच्या हाताखालून गेलेलं. गार पाण्यात, साबण न घालता, सैल घडी करून बुडवायचा. पहिल्याच दिवशी गरम पाणी नाही, कारण ताणलेला धागा पाणी लागताच सैल होऊन आखडतो आणि गरम पाण्यात तो एकदम आखडतो. लांबीतच जास्त आटतं. सकाळी बादलीत हात घातला तर पाणी गढूळ आणि बुळबुळीत झालेलं असतं, त्याला आंबूस वास येत असतो. तीच खळ. पाणी ओतून दिलं, दुसरं घेतलं, तेही गढुळलं. तिसऱ्या पाण्याला कापड बोटांना पहिल्यांदा मऊ लागलं.

आटण्याचा हिशेब कराटेत महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत बाही मनगटाच्या पुढे जायला नको आणि कोपर-मनगटाच्या मध्यापेक्षा वर नको. विजारीनं नडगीचा दोन तृतीयांश भाग तरी झाकलेला हवा, आणि बाह्या गुंडाळून घेतलेल्या चालत नाहीत. म्हणून आधी धुवावा, वाळवावा, मगच मोहरी दुमडून टीप घालावी. पोरं वाढत्या अंगाची असतात, तेव्हा दुमड चांगली चार बोटं ठेवायची. ज्या आया दुकानातून आणल्या आणल्या शिंप्याकडे धावतात त्यांना मी थांबवते.

या वेशाचं वयही फार नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं आणि ज्युदोसाठी जाड अंगरखा ठरवला. धरून ओढलं तरी फाटू नये असा. सुरुवातीला त्याच्या बाह्या नि विजारी आखूडच होत्या. ओकिनावाचे शाळामास्तर गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला आले आणि त्यांनी कानोंच्या कोदोकानात कराटे करून दाखवलं. त्याआधी ओकिनावात लोक रोजच्या कपड्यांतच सराव करत. पुढे ज्युदोच्या अंगरख्याचाच बेत घेऊन कराटेनं आपला हलका ड्रेस केला, कारण इथं कोणी कोणाला फारसं ओढत नाही. अंगरख्याची डावी बाजू उजवीच्या वर येते. उजवी वर फक्त मृताला घालतात, ही जपानी रीत. आमच्याकडच्या लहानग्या पहिले काही दिवस हमखास उलट घालतात आणि सर काही न बोलता पट्टा सोडायला लावून पुन्हा बांधून घेतात.

परतुरात खरी अडचण पाण्याची. बोअरचं पाणी जड, साबण फेस धरत नाही. त्यातला चुना साबणाशी मिळून जी साय होते ती धाग्यांत जाऊन बसते आणि महिन्याभरात मऊ झालेला ड्रेस पुन्हा कडक व्हायला लागतो, वर राखाडी झाक. एवढी खळ काढली ती कशासाठी, असं वाटतं. यावर मऊपणाची ती वासाची द्रव्यं मिळतात, ती मला पटत नाहीत. ती धाग्यावर लेप चढवतात, म्हणजे एक लेप काढून दुसरा लावायचा. आणि असं कापड घाम टिपत नाही. त्यापेक्षा धुण्याचा सोडा चिमूटभर आधी पाण्यात घालावा आणि शेवटच्या पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व अर्धा चमचा विरघळवावं. चुना सुटतो. पावसाळ्यात पत्र्याखाली पिंप लावून धरलेलं पाणी मिळालं तर आणखी काहीच नको. उन्हाळ्यात मात्र तीन-तीन पाणी खळबळायचं म्हणजे जिवावर येतं. शेवटचं पाणी मोगऱ्याला जातं, त्याआधीचं फरशीला.

पांढरा रंग टिकवायचा तर ब्लीचच्या वाटेला जाऊ नये. घाम मुरलेल्या जागी, काखेत नि पाठीवर, त्यानं पिवळेपणा वाढतो, शिवाय सूत कमजोर होतं. क्लासहून आल्यावर ड्रेस पिशवीत कोंबून ठेवायचा नाही, ही अर्धी निगा. घाम ओला असतानाच साध्या पाण्यातून काढला तर डाग धरतच नाही. नीळ थोडी. आणि वाळत घालण्याआधी दोघांनी दोन टोकं धरून जोरात झटकायचा, मग सावलीत, वाऱ्यावर. इथलं एप्रिलचं ऊन कापडाला पापडासारखं वाळवतं. वाऱ्यावर हलत वाळलेला ड्रेस हाताला वेगळा लागतो.

एवढं करूनही धुण्यानं निम्मंच काम होतं. उरलेलं अंगानं करायचं. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी रांगा लागतात, इची, नी, सान, एका सुरात मोजणी चालते, आणि प्रत्येक पंचला नव्या ड्रेसची बाही खाड् करून वाजते. पोरींना तो आवाज फार आवडतो. हळूहळू कोपराच्या आतल्या बाजूला बारीक चुण्या पडतात, गुडघ्यामागे पडतात, बसक्या पवित्र्यात मांड्यांशी कापड जिथं ताणतं तिथं ते आधी मऊ होतं. दोन मुलींचे एकाच मापाचे ड्रेस शेजारी धरले तर कोणती डाव्या पायानं लाथ जास्त मारते तेही कापडावरून सांगता येतं. मिश्र धाग्याचा स्वस्त ड्रेस पहिल्या दिवसापासून गुळगुळीत असतो, सुरकुतत नाही, लवकर वाळतो. पण त्याच्यावर हे काहीच उमटत नाही आणि मे महिन्यात तो अंगाला चिकटतो. ज्याला जमेल त्यानं सुतीच घ्यावा, असं मी आग्रहानं म्हणते.

पट्ट्याचं निराळं. तो नवा असताना गाठ धरत नाही, काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या, मध्येच सुटून पायात येतो. तो धुवायचा नाही असं बरेच जण पाळतात, मीही पाळते, फक्त वाऱ्यावर टाकते. तो रोज बांधून नि सोडूनच नरम होतो.

सगळ्यांना हा ड्रेस मिळतोच असं नाही. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं शाळांमधून मुलींना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण देतात, त्यात कितीतरी जणी शाळेच्या सलवार-कमीजवरच शिकतात, ओढणी कमरेला गच्च बांधून. म्हणून आखूड झालेला ड्रेस कपाटात ठेवणं मला बरोबर वाटत नाही. लेकीच्या ड्रेसची मोहरी उसवत उसवत शेवटची दुमडही सोडून झाली. सोडलेल्या जागी चार बोटं रुंद पट्टी निघाली, बाकीच्या ड्रेसहून पांढरी आणि अजून थोडी ताठ. ना ऊन लागलेलं, ना घाम.

तो ड्रेस गल्लीतल्या एका धाकट्या मुलीला दिला. तिच्या आईनं दारातच बसून मोहरी पुन्हा त्याच रेषेवर दुमडली, सुईत दोरा ओवला आणि विचारलं, "ताई, हा कोमट पाण्यात धुऊ का गारच?"

"गारच," म्हटलं. "आता काही आटायचा नाही तो, पण गारच धुवा."

"अन् नीळ?"

"थोडी. आणि पट्टा नका भिजवू."

मुलगी मध्येच म्हणाली की ह्याची बाही वाजत नाही, बाकीच्यांची वाजते. तिला सांगितलं, बाही नाही वाजली तरी चालतं, आधी मूठ नीट वळ. तिनं तिथंच वळून दाखवली. अंगठा आत घेतला होता, तो काढून मी बाहेर ठेवला.