मिंगू

धर्मगुरूच्या वाट्याला आयुष्यभर पाहुणपण येते. मात्र खरे बोलणारा पाहुणा होण्याची संधी त्याला क्वचितच लाभते. बाप्तिस्मा असो, घराचा आशीर्वाद असो की लग्नाची पंगत असो, यजमानीणबाई ताटाशी उभ्या राहून विचारतात, "फादर, कसं झालंय?" यावर फादरांनी काय उत्तर द्यावे हे फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. वडे तेलात निथळत असले तरी ते उत्तर बदलत नाही. पैसे मोजून राहणाऱ्या पाहुण्याची गोष्ट वेगळी. गादी टोचत असेल तर 'टोचते' असे म्हणण्याचा अधिकार त्याने विकत घेतलेला असतो. गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त धर्मग्रामातील मंडळींनी प्रवासासाठी देणगी दिली आणि २०२४च्या जुलै महिन्यात मी मलेशियातील मलाक्का या शहरी गेलो, तेव्हा हा अधिकार एकदा वापरून पाहावा असे मनात होते. म्हणून कोणत्याही रेक्टरीचे दार न ठोठावता मी एका गेस्ट हाउसमध्ये पाच रात्री उतरलो.

मलाक्काच का, असे कुणी विचारील. वसईच्या माणसाला ते गाव परके वाटत नाही एवढेच सांगतो. पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले १५११ साली आणि वसई त्यांच्या हाती आली १५३४ मध्ये. १६४१ साली मलाक्का त्यांनी डचांच्या हवाली केले, तर १७३९ साली वसई मराठ्यांच्या. सेंट पॉल टेकडीवरच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये उभे राहिल्यावर आपल्या किल्ल्यातील पडक्या भिंती आठवल्याशिवाय राहत नाहीत. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव १५५३ साली काही महिने येथेच पुरलेले होते. तेथून ते गोव्याला नेण्यात आले. ती रिकामी जागा आजही लोखंडी जाळीखाली दाखवतात. शहराच्या कडेला उजोंग पासिर येथे पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिकांची वस्ती आहे. त्यांच्या क्रिस्तांग बोलीचे कुळ आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीचे कुळ एकच. हे सारे मी डोळे भरून पाहिले. पण लिहायला बसलो आहे ते त्याविषयी नव्हे.

माझे गेस्ट हाउस नदीपलीकडच्या जुन्या चिनी वस्तीत होते. तेथील घरे दर्शनी बाजूला अगदी चिंचोळी. आत मात्र आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब. पुढे दुकान, मागे व वर बिऱ्हाड, आणि प्रत्येक घरापुढे पाच फुटांची छपराखालची वाट, जेणेकरून वाटसरूला ऊन-पाऊस लागू नये. घराच्या मध्यभागी वरून उघडा चौक. पाऊस त्यातून सरळ घरात पडतो. पाणी म्हणजे लक्ष्मी, अशी त्या लोकांची समजूत. वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीत एक लहानशी झडप होती. पूर्वी घरच्या स्त्रिया त्यातून खाली कोण आले आहे ते पाहून घेत, असे मालकीणबाईंनी सांगितले. साठीच्या घरातल्या त्या विधवा बाई; सारे पाहुणे त्यांना 'आंटी' म्हणत. दिवाणखान्यात पूर्वजांची वेदी होती आणि तिच्यासमोर रोज ताजी संत्री असत.

आता खरेपणाने सांगायचे तर खोली काही चांगली नव्हती. रात्रीला ८० रिंगिट, म्हणजे आपले सुमारे दीड हजार रुपये. त्या मानाने गादी इतकी दबलेली की तिच्यात निजणे म्हणजे झोळीत निजणे. दोन खोल्यांमधली भिंत फळ्यांची. शेजारच्या गृहस्थाचे घोरणेच काय, घोरता घोरता थांबणेही ऐकू येई, आणि ते थांबले की मला काळजी वाटे. स्नानगृह चौकाच्या पलीकडे. मध्यरात्री पाऊस आला की छत्री घेऊन जावे लागे. मागच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले होते. ती भिंत मुळात चुन्याची, आणि तिच्यावर कुणी शहाण्याने तैलरंग फासलेला. चुन्याच्या भिंतीला श्वास घेऊ दिला नाही तर ती आतून कुजते, हे चर्चच्या दुरुस्तीत ठेकेदारांशी भांडून मी शिकलो आहे. शुक्रवारपासून रविवारपर्यंत जवळच्या जोंकर रस्त्यावर रात्रीचा बाजार भरतो आणि त्याच्या टोकाला मंच उभारून वयस्क मंडळी ध्वनिवर्धकावर जुनी चिनी गाणी गातात. त्यांचा उत्साह मोठा. सूर मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र. छतावरची पाल चुकचुके, आणि मलय भाषेत तिचे नावच 'चिचक' आहे हे कळल्यावर त्या भाषेविषयी माझा आदर वाढला. पहाटेच्या बांगेबद्दल मात्र तक्रार नाही. तिने मला प्रार्थनेला वेळेवर उठवले.

न्याहारी उत्तम असे. नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पांदानचे सुगंधी पान यांचा मंद आचेवर आटवलेला 'काया' नावाचा मुरंबा ते लोक भाजलेल्या पावाला लावतात. नारळाच्या गावचा माणूस म्हणून मी याबाबतीत कठोर परीक्षक आहे. मी दोनदा मागून घेतला.

तो काया करणारे हात मालकीणबाईंचे नव्हते. एक तिशीची सावळी, किरकोळ बांध्याची बाई पहाटे पाचापासून रात्री दहापर्यंत त्या लांबलचक घरात वावरताना दिसे. सात खोल्यांच्या चादरी तीच बदली, स्नानगृहे तीच घाशी, पाहुण्यांच्या पिशव्या त्या उभ्या जिन्यावरून तीच चढवी. दुसऱ्या दिवशी खोली आवरताना तिने उशाशी ठेवलेली माझी जपमाळ पाहिली आणि ती दारातच थबकली. "पातेर?" तिने विचारले. मी होकार दिला. तिने हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि क्रुसाची खूण केली.

ती इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरची, लारांतुका गावाजवळची. इंडोनेशिया हा मुस्लीमबहुल देश असला तरी फ्लोरेसवर बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत, आणि लारांतुकाची पवित्र आठवड्यातील मिरवणूक पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आहे. मोडक्या इंग्रजीत आमचे बोलणे होई. मौज अशी की तिचे कितीतरी शब्द मला ओळखीचे निघाले. मेजाला ती 'मेजा' म्हणे, साबणाला 'साबून', किल्लीला 'कुंची', आणि खिडकीला 'जेंदेला', म्हणजे गोव्याकडचे 'जनेल'. चर्चला 'गेरेजा', म्हणजे इगर्ज. एका वहीच्या पानावर मी ही यादी लिहू लागलो. रविवारला काय म्हणतात, असे मी विचारले. "मिंगू," ती म्हणाली. हा शब्दही पोर्तुगीजच, 'दोमिंगो'वरून आलेला. आणि आठवड्याला? "मिंगू." एकाच शब्दात आठवडाही आणि त्याचा प्रभूचा दिवसही. मला हे फार आवडले आणि मी तिला सहज विचारले, की मग या मिंगूला तू कोणत्या मिस्सेला जाणार?

ती हसली. या घरात येऊन तिला दोन वर्षे आठ महिने झाले होते आणि त्या काळात ती एकदाच चर्चला गेली होती, एका नाताळच्या रात्री. सेंट फ्रान्सिस झेवियरचे चर्च तेथून दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर आहे. परंतु शनिवार-रविवारी बाजारामुळे सगळ्या खोल्या भरतात आणि रविवारी अकराला त्या रिकाम्या होऊन दोन वाजेपर्यंत पुन्हा तयार लागतात. आठवड्याची सुट्टी तिला कोणत्याच वारी नव्हती. तुझा पासपोर्ट कुठे आहे, असे मी विचारले. "अलमारी," ती म्हणाली, आणि मालकीणबाईंच्या खोलीकडे तिने बोट केले. तो शब्दही आपलाच. यादीत लिहायला मात्र हात उचलला नाही.

येथे थोडे कायद्याचे सांगितले पाहिजे. मलेशियाच्या १९५५च्या रोजगार कायद्यानुसार कामगाराला आठवड्यात एक दिवस विश्रांती आहे. घरकाम करणाऱ्यांना मात्र त्या कलमातून वगळलेले आहे. छळाच्या तक्रारींमुळे २००९ साली इंडोनेशियाने घरकामासाठी बायका मलेशियाला पाठवणे थांबवले होते. २०११ साली उभय देशांत करार झाला, त्यात साप्ताहिक सुट्टी आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याची मुभा मान्य झाली. दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणे मलेशियाच्या कायद्यालाही मंजूर नाही. ही बाई कागदोपत्री घरकामाला आलेली, आणि प्रत्यक्षात चालवीत होती सात खोल्यांचे गेस्ट हाउस. घर आणि धंदा यांच्यामधल्या त्या फटीत तिचा रविवार हरवला होता.

शनिवारी दुपारी मालकीणबाईंनी पाहुण्यांच्या अभिप्रायाची जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली. "फादर, अगदी खरं लिहा हं. मला खरं आवडतं." मी आधीची पाने चाळली. जगाच्या चारी कोपऱ्यांतल्या लोकांनी गादीची निंदा आणि न्याहारीची स्तुती केलेली होती. आणि जवळजवळ प्रत्येकाने लिहिले होते की कामवाली बाई सदा हसतमुख असते, केव्हाही हाक मारा, हजर! ते 'केव्हाही' वाचून माझे मन खिन्न झाले. त्यांनी खोटे लिहिले नव्हते. मीदेखील गादीविषयी, फळ्यांच्या भिंतीविषयी आणि तैलरंगाविषयी सविस्तर लिहिले, कायाची प्रशंसा केली आणि खाली सही केली. रविवारविषयी वहीत एक अक्षर घातले नाही. ती वही उद्या येणारा पाहुणा वाचणार आणि त्याची झळ लागणार ती वही लिहिणाऱ्याला नव्हे. ते तोंडी बोलायचे होते, आणि संध्याकाळी मी ते बोललो.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्याही खरे बोलल्या. हे घर त्यांच्या सासऱ्यांनी भाड्याने घेतलेले. जुना भाडेनियंत्रण कायदा गेला आणि १९९९ अखेर त्याची मुदत संपली, तेव्हा या गल्ल्यांतून कितीतरी बिऱ्हाडे उठली. यांनी कर्ज काढून घर विकत घेतले. २००८ साली युनेस्कोने मलाक्काला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटक वाढले, तशा किमतीही वाढल्या. मुले सिंगापूरला. "खोल्या भाड्याने दिल्या नाहीत तर हे घर माझं राहत नाही," त्या म्हणाल्या. "हिला आणायला एजंटाला मोजलेले पैसे अजून फिटले नाहीत. बाहेर चार माणसं भेटली आणि ही पळून गेली तर? आणि फादर, तुमच्या घरी स्वयंपाक करणारी बाई असेलच. तिला रविवारी सुट्टी असते?"

प्रश्न नेमका होता. आमच्या स्वयंपाकीणबाई रविवारी पहिली मिस्सा करूनच येतात आणि सोमवारी त्यांची सुट्टी असते, असे मी सांगितले. पासपोर्टचा मुद्दा मी सोडला नाही. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या तिला पाठवलं तर माझ्या गल्ल्यावर कोण बसेल? मी चादरी बदलीन, पण दोन्हीकडे मी कशी पुरणार?"

"मी बसेन," मी म्हणालो.

त्यांना ती थट्टा वाटली. मी त्याच संध्याकाळी चर्चमध्ये रविवारची मिस्सा आटोपून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर जाऊन बसलो. फ्लोरेसची बाई फिकट निळा झगा घालून खाली आली. तो घड्यांवरून बरेच दिवस पेटीत असावा. ती निघून गेल्यावर मी तीन किल्ल्या परत घेतल्या, एका तरुण जोडप्याला बस-स्थानकाची वाट चुकीची सांगू नये म्हणून नकाशाच हातात दिला, आणि एका फ्रेंच गृहस्थाची गादीविषयीची तक्रार मनापासूनच्या सहानुभूतीने ऐकली. वरच्या मजल्यावर बाई चादरी ओढताना पुटपुटत होत्या. साडेदहाला ती परतली. तिने मला नमस्कार केला, झगा बदलला आणि बादली उचलली. ती मिस्सेत काय मागून आली हे मी विचारले नाही.

सोमवारी बिल आले. पाच रात्रींचे चारशे रिंगिट, शिवाय परदेशी पाहुण्यावरचा पर्यटनकर दर रात्री १० रिंगिट. गल्ल्यावर बसण्याची सवलत नव्हती, आणि नसावीच. बाई दारापर्यंत आल्या. "या रविवारी तुम्ही बसलात, फादर. पुढच्या रविवारी?" त्या प्रश्नात खोच नव्हती, त्यांना खरोखर तो हिशेब सुटत नव्हता.

आपल्याकडेही राजोडी-कळंबपासून गोराई-मनोरीपर्यंत वाड्यांतून पाहुण्यांसाठी खोल्या उघडल्या आहेत. वडिलार्जित घर टिकवायला तोच मार्ग उरला, असे सांगणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. त्यांच्याही खोल्या भरतात त्या शनिवार-रविवारीच. त्या झाडायला कोण येते आणि कुठून, हे घराला आशीर्वाद द्यायला जातो तेव्हा मी हल्ली विचारतो. काही घरी उत्तर चटकन मिळते, काही घरी चहा लवकर येतो.

डिसेंबरात मी मालकीणबाईंना नाताळच्या शुभेच्छांचा निरोप फोनवर धाडला. त्यांचे उत्तर त्याच दिवशी आले, सोबत एक छायाचित्र. माझ्या खोलीतली मागची भिंत खरवडून तैलरंग काढून टाकला आहे आणि तिला स्वच्छ पांढरा चुना दिला आहे. 'तुम्ही वहीत लिहिलं होतं तसंच केलं,' असे खाली लिहिले होते. गादीही नवी घेतली म्हणे. मी आभार मानले आणि मिंगूविषयी विचारले. निरोप वाचला गेल्याची खूण दिसते. उत्तर अद्याप आलेले नाही.