झाड जानेवारीत लावायचं, पण ठरवायचं डिसेंबरात

जानेवारीचा पहिला आठवडा सरला की लंडनच्या उपनगरांत फुटपाथांवर ख्रिसमस ट्री आडवी पडलेली दिसतात. फांद्यांत चमकीचा एखादा तुकडा अडकलेला, बुंध्याला करवतीचा पांढरा काप. बाराव्या रात्रीपर्यंत, म्हणजे पाच-सहा जानेवारीला, सजावट उतरवायची इथली जुनी रीत आहे. मग कौन्सिलची गाडी झाडं गोळा करते आणि त्यांचा भुगा होतो. मुलांच्या शाळेमुळे हे झाड आता मराठी घरांतही येतं, आणि दारच्या तुळशीला रोज पाणी घालण्यात वाढलेल्या माणसाच्या ते असं रस्त्यावर टाकणं जिवावर येतं. त्यातून तोडगा निघतो: कुंडीतलं, मुळांसकट झाड आणायचं आणि सण झाला की मागच्या बागेत लावायचं. तोडगा चांगलाच आहे. पण जानेवारीत खड्डा खणायला घेतो, तोवर झाडाचं भवितव्य बरंचसं ठरून गेलेलं असतं. ते ठरतं डिसेंबरात, आधी दुकानात आणि मग दिवाणखान्यात.

कुंडीत दिसणारं प्रत्येक झाड कुंडीत वाढलेलं नसतं. काही झाडं रोपापासून कुंडीतच वाढवलेली असतात. इथे त्यांना ‘पॉट-ग्रोन’ म्हणतात. बाकीची शेतात वाढतात आणि विक्रीच्या हंगामात खणून कुंडीत बसवली जातात. खणताना पाणी शोषणारी बारीक मुळं मोठ्या प्रमाणात तुटून मागेच राहतात. वरून दोन्ही सारखीच हिरवीगार, कारण मुळं तुटल्याचं दुःख सुयांवर उमटायला वेळ लागतो. म्हणून पाटी वाचावी, बुंधा हलकेच हलवून पाहावा आणि कुंडी उचलून तळाच्या भोकांत डोकवावं. बुंधा मातीत डगमगत असेल तर झाड नुकतंच बसवलेलं आहे. भोकांतून मुळं डोकावत असतील तर ते तिथेच वाढलेलं आहे. झाड छोटं घ्यावं, कमरेएवढं पुरे. मोठ्या झाडाचा पसारा पोसायला कुंडीतली मुळं अपुरी पडतात.

दुसरी चूक घरात होते. स्प्रूस काय किंवा फर काय, ही थंड मुलखातली झाडं शरद ऋतूत दिवस लहान झाले की झोपी जातात, आणि त्या झोपेतच हिमाला तोंड देण्याची ताकद असते. त्यांना रेडिएटरशेजारी तीन-चार आठवडे ठेवलं की झाडाला वसंत आल्यासारखं वाटतं. फांदीच्या टोकाची तपकिरी खवल्यांची कळी फुगू लागते, कधी फटीतून पोपटी रंगही दिसतो. घरातल्यांना त्याचं कौतुक वाटतं, पण हीच धोक्याची खूण. असं जागं झालेलं झाड एकदम बाहेर नेलं की पहिल्या कडक हिमरात्री कोवळा भाग करपतो. म्हणून झाड घरात फार तर दहा-बारा दिवस ठेवावं, तेही थंड कोपऱ्यात आणि माती ओलसर राखून. सण झाल्यावर आधी काही दिवस बिनहीटरच्या पडवीत किंवा शेडमध्ये, मग भिंतीच्या आडोशाला आणि शेवटी जमिनीत. लंडनची जमीन क्वचितच गोठते, हे आपलं भाग्य. टोरांटोच्या मराठी माणसाला खड्डा हिवाळ्याआधीच खणून माती गॅरेजमध्ये ठेवावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की एवढ्या खटाटोपापेक्षा प्लास्टिकचं झाड बरं, एकदा घेतलं की झालं. कार्बन ट्रस्टच्या अंदाजानुसार दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. कापलेल्या खऱ्या झाडाचा नंतर भुगा केला तर साडेतीन किलो, आणि ते कचऱ्याच्या भरावात कुजलं तर 16 किलो. म्हणजे प्लास्टिकचं झाड दहा-बारा वर्षं वापरलं तरच हिशेब जुळतो. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: ही झाडं उसासारखी कापण्यासाठीच लावलेली असतात, मग हळहळ कशाची? ते बरोबरच आहे. म्हणून ज्याच्याकडे जागा नाही त्याने कापलेलं झाड आणून भुग्याला द्यावं. त्यात अपराध नाही. जागा नसताना झाड लावण्याचा हट्ट मात्र चुकीचा. नॉर्वे स्प्रूस मोकळ्या जागी तीस-चाळीस मीटर वाढतो. 1947 पासून ऑस्लो शहर दरवर्षी ट्रॅफल्गार चौकात पाठवतं ते हेच झाड, वीस मीटरच्या वर उंचीचं. लंडनची माती बहुतांशी चिकण. उन्हाळ्यात ती आक्रसते, जवळची झाडं तिच्यातलं उरलंसुरलं पाणी ओढतात आणि घरांचे पाये खचतात. म्हणून तर घराचा विमा देणारे आवारातल्या झाडांची चौकशी करतात. लांबलचक बाग नसेल तर झाड कुंडीतच ठेवावं, दर एक-दोन वर्षांनी थोडी मोठी कुंडी द्यावी आणि पुढच्या डिसेंबरात तेच आत आणावं. ‘मग जवळच्या रानात लावू’ हेही नको. ब्रिटनचे मूळचे सूचिपर्णी वृक्ष तीनच: स्कॉट्स पाइन, यू आणि जुनिपर. बाहेरचा स्प्रूस परवानगीशिवाय रानात लावणं म्हणजे आपल्या समाधानाचं ओझं दुसऱ्याच्या जमिनीवर टाकणं.

लावण्याची कृती त्या मानाने सोपी. खड्डा कुंडीइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा. कुंडीच्या आकारात गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करावीत, नाहीतर ती जमिनीतही तशीच गरगरत राहतात. बुंधा आधीच्या पातळीपेक्षा खाली पुरू नये. खरी कसोटी मात्र पहिल्या उन्हाळ्यात लागते. जानेवारीत लावलेलं झाड अनेकदा मरतं ते जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते व आपली घरं बंद होऊन मंडळी पुण्या-मुंबईला जातात. त्या पाच-सहा आठवड्यांत त्याला आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी लागतं. ते कोण घालणार, हे शेजाऱ्यांशी विमानाची तिकिटं काढतानाच बोलून ठेवावं.