आजीचा प्रश्न

माझे गाव भिगवण. मी इयत्ता चौथीत शिकते. आमच्या गावाजवळ उजनी धरणाचे पाणी आहे. त्याला यशवंतसागर म्हणतात. धरणाची भिंत मात्र खूप लांब, माढा तालुक्यात आहे. ते धरण 1980 साली पूर्ण झाले.

15 सप्टेंबरला अभियंता दिन असतो. त्या दिवशी गुरुजींनी विश्वेश्वरय्यांची माहिती सांगितली. त्यांनी 1903 साली खडकवासला धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. मला फार नवल वाटले. घरी येऊन मी आजीला म्हणाले, "मी इंजिनियर होणार. मोठ्ठं धरण बांधणार."

आजी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बांध की. पण त्यात कुणाचं घर घालशील?"

मी गप्पच बसले.

आजीचे माहेर जुने पळसदेव. ते पाण्यात गेले. तेव्हा ती माझ्याएवढी होती. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी आटले आणि पळसनाथाचे देऊळ उघडे पडले. आम्ही बघायला गेलो. माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. आजी एका दगडांच्या ढिगापाशी थांबली. "हितंच आमचा ओटा असंल," म्हणाली. मग पदराने डोळे पुसले. तिथून थोड्या अंतरावर रोहित पक्षी उभे होते. ते मान खाली घालून चोच उलटी करतात आणि चिखलपाणी गाळून खातात. त्यांना उथळ पाणी लागते. खोल पाण्यात पाय कसे टेकणार?

बाबा म्हणतात, धरण झाले म्हणून आपला ऊस आहे आणि बाजारात मासळी आहे. तेही खरेच आहे. पण उन्हाळ्यात पाणी हिरवे होते व घाण वास येतो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते व भीमेतून इकडे. गुरुजी म्हणाले, सांडपाणी आधी टाकीत साठवून गाळ खाली बसू देतात. मग त्यात हवा सोडतात. हवेमुळे बारीक जिवाणू वाढतात, ते घाण खातात. असे पाणी नदीत सोडले तर नदीला त्रास कमी.

म्हणून मी आता धरण नाही, तसल्या टाक्या बांधणार आहे. चित्र खाली चिकटवले आहे. निळी टाकी नीट आली नाही, रंग संपला.

आजीला चित्र दाखवले. तिने चष्मा लावून बघितले आणि विचारले, "ह्याला जागा किती लागती गं?"

ते मी उद्या गुरुजींना विचारणार आहे.