आयर्लंडमधला एक दिवस आणि माझ्या फळ्याचा कोपरा

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे डब्लिनला गेले होते. तिने एका दिवसाच्या बस सहलीची दोन तिकिटं काढली. डब्लिन ते कॉनेमारा आणि परत. म्हणजे आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिमेला.

गॉलवेपर्यंत सुमारे २०० किलोमीटर सरळ मोठा रस्ता. पुढे तो अरुंद झाला. दोन्ही बाजूंना नुसते दगडावर दगड रचून केलेले बांध. मेंढ्यांच्या अंगावर निळे, लाल पट्टे! मेंढ्या मोकळ्या चरतात, म्हणून कोणाची कोणती ते कळावं यासाठी रंग लावतात. दलदलीतून कापलेली पीटची ढेकळं जळणासाठी वाळत घातली होती. मला गोवऱ्याच आठवल्या.

शिक्षकाची नजर मात्र पाट्यांवर जाते. रस्त्यावरच्या पाटीवर वर तिरक्या अक्षरांत आयरिश नाव, खाली इंग्रजी. काही अंतरानंतर खालचं इंग्रजी गायबच झालं. बसचालक माइकवर म्हणाला, "आता गेलटाख्त लागलं." म्हणजे जिथे लोक आयरिश बोलतात म्हणून सरकारने जाहीर केलेला भाग.

किलरीच्या खाडीजवळ बस थांबली. समोरच्या डोंगरउतारावर गवताखाली वरंबे दिसत होते. ते बटाट्याचे. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि गरिबांचं तर पोटच बटाट्यावर होतं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाला सर्वांत मोठा फटका बसला. माणसांबरोबर भाषाही गेली.

"पण सगळा दोष बटाट्याचा नाही," चालक म्हणाला. १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजीतून. कितीतरी ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी बांधत. तो आयरिश बोलला की काठीवर एक खाच. संध्याकाळी गुरुजी खाचा मोजून शिक्षा करत. आईवडीलही घरी खाचा पाडत, कारण पोराला पुढे अमेरिकेत काम मिळावं असं त्यांना वाटे.

बसमध्ये सगळे हळहळले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

माझी शाळा धुळे जिल्ह्यात आहे. वर्गात अहिराणी बोलणाऱ्याचं नाव मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, तीन फुल्या झाल्या की मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचं, असा नियम मी केला होता. "मुलांचं मराठी सुधारलं पाहिजे ना!" पालकही खूश होते. पहिलीतला एक मुलगा पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाला होता, "मॅडम, मनी पेन्सिल तुटनी." मी त्याला पेन्सिल दिली नाही. आधी वाक्य सुधारायला लावलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'अबोल आहे.'

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो नियम बंद केला. आता त्या कोपऱ्यात मुलं रोज एक अहिराणी शब्द लिहितात, शेजारी मी प्रमाण मराठीतला. दोन्ही वहीत उतरवायचे. पुस्तकातलं मराठी शिकवायचंच आहे, पण घरची भाषा काढून घेऊन नाही.

तो मुलगा आता तिसरीत आहे. अजून मोजकंच बोलतो. परवा गृहपाठावर सही नव्हती म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "मनी माय वावरमा शे."

मी म्हटलं, "बरं. उद्या आण."