नरसीचा विसावा

मराठीत प्रवासाला कारण लागते. यात्रा देवासाठी, वारी नेमासाठी, दौरा कामासाठी आणि हवापालट डॉक्टरांच्या सांगण्यावरून. एखाद्या खेड्यात चार दिवस नुसते राहावे, तेथले अन्न खावे, रानात पायी हिंडावे, एवढ्यासाठीच केलेल्या प्रवासाला आपल्या भाषेत नेमके नाव नाही. 'कृषी पर्यटन' हा शब्द आहे, २०२० साली राज्य सरकारने त्याचे धोरणही जाहीर केले. पण तो शब्द फायलीतून आला आहे, बोलण्यातून नव्हे. इंग्रजीत विल्यम हॅझ्लिटने १८२२ मध्येच पायी भटकण्याच्या सुखावर निबंध लिहिला आणि पुढे त्या सुखाची एक परंपराच झाली. आपल्याकडे माळ साहित्यात आला तो बहुधा जगण्याचा प्रश्न घेऊन. 'बनगरवाडी' (१९५५) वाचताना माळावर फिरायला जावे असे कोणाला वाटत नाही. तेथे मेंढरे जगवायची असतात आणि अखेरीस दुष्काळात गाव उठून जाते.

पौषाच्या अखेरीस आम्ही नरसी नामदेव येथे चार दिवस राहिलो ते असे बिनकारणाचे. हिंगोलीहून पश्चिमेला सेनगावच्या वाटेवर, कयाधूच्या काठी हे गाव आहे. पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आले. संत नामदेवांचे हे जन्मगाव, अशी परंपरा. जन्म १२७० चा. अभ्यासक या बाबतीत एकमत नाहीत: कोणी जन्म पंढरपूरचा मानतात, कोणी नरसी म्हणजे कऱ्हाडकडची नरसी असे म्हणतात. वर्गात हा वाद शिकवताना तो प्रमाणांचा असतो. गावात आल्यावर तो उरत नाही, कारण गावाने आपल्या नावापुढेच नामदेव लावून घेतला आहे. एखादे गाव असे एका कवीच्या नावाने ओळखले जावे, ही गोष्ट मराठी शिकवणाऱ्यांनी थोडी थांबून पाहण्यासारखी आहे.

ज्या शेतकरी कुटुंबाकडे आम्ही उतरलो होतो, त्यांना आमचे नदीवर आणि मंदिरात जाणे समजत होते. माळावर जाणे समजत नव्हते. घरच्या काकांनी पहिल्याच सकाळी विचारले, "माळावर काय बघायचं, सर? माळावर जनावरं जातेत." प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. चार दिवस आम्ही चाललो ते एका अर्थाने या प्रश्नाबरोबर.

नदीच्या बाजूला काळी जमीन, खोल आणि ओल धरणारी. तेथे हरभरा घाटे धरू लागला होता. हळदीची पाने वाळून वाफ्यावर टेकली होती, काढणीला अजून अवकाश होता. पायवाटेने वर चढत गेले की काळी पातळ होत जाते, तिच्यातून मुरूम डोके काढतो आणि मग एकदम माळ लागतो. वाळून पिवळे पडलेले, गुडघ्याएवढे गवत. त्याची कुसळे पायमोज्यांत घुसतात आणि घरी आल्यावर एकेक वेचून काढावी लागतात. बोरी, बाभळी, मधूनच फुलायच्या तयारीतला पळस. टिटवी आपल्याला पाहून ओरडते आणि बरेच अंतर सोबत करते. दृश्य म्हणावे असे काही नाही. डोंगर नाही, कडा नाही, धबधबा नाही. असते ते केवळ अंतर. तासभर चालूनही क्षितिज जागचे हलत नाही, आणि पाहण्याजोगे काही नसल्यामुळे नजर हळूहळू जमिनीकडे वळते. मग दिसू लागते की माळ रिकामा नाही. जनावरांच्या खुरांनी पडलेल्या अरुंद वाटा एकमेकींना छेदत जातात, प्रत्येक वाट पाण्याकडे किंवा सावलीकडे जाणारी. काकांनी प्रश्न म्हणून विचारले होते, तेच उत्तर होते. माळावर जनावरे जातात.

अशा माळांपैकी बरीच जमीन गायरान असते, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली. महसुली कागदावर ती 'पडीक' दिसते. पण मराठवाड्याचा सामाजिक इतिहास याच पडीक तुकड्यांवरून गेला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते कसायला जमीन मिळावी म्हणून. ज्यांच्या वाट्याला काळी कधी आली नाही, त्यांनी मुरमाड गायरान नांगरले. फिरायला आलेल्याला जे मोकळे आणि निवांत वाटते, ते कोणाच्या तरी गुरांचे पोट आणि कोणाचा तरी सातबारावर चढण्याचा झगडा असते. हे कळल्यावर चालण्यातला आनंद कमी झाला नाही. त्याला वजन आले.

जेवणाचेही असेच झाले. सकाळी धपाटे आणि दही. दुपारी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, तेल घातलेली करडईची कोवळी भाजी, मिरचीचा ठेचा. संध्याकाळी शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवून हुरडा. कणसे निखाऱ्यात खुपसायची, भाजली की गरम असतानाच तळव्यावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. घरच्या आजी हात थांबू देत नव्हत्या. "खा रे लेकराहो, पुन्हा कव्हा याल." बोलता बोलता कळले की ही ज्वारी घरच्यापुरती, बांधालगतच्या चार तासांत पेरलेली. बाकी शेतात सोयाबीन, हरभरा, हळद. हळदीला बाजार आहे. याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीला राखण लागते, काढणीला माणसे लागतात आणि भाव लागत नाही. तिच्याबरोबर कडबाही गेला, आणि कडबा गेला की गुरे कमी होतात, गुरे कमी झाली की माळावरच्या वाटा बुजतात. ताटातली भाकरी आणि माळावरची वाट यांच्यात इतका सरळ धागा असेल, हे आमच्या आधी लक्षात आले नव्हते. शहरात हुरडा पार्टीची तिकिटे विकली जातात, त्याच काळात गावात हुरड्याची ज्वारी बांधापर्यंत मागे सरली आहे.

नामदेव हा मराठीतला सर्वांत लांब चाललेला कवी. परंपरा त्यांना या कयाधूकाठाहून पंढरपूरला आणि तेथून पंजाबातल्या घुमानपर्यंत नेते. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ चे ८८ वे साहित्य संमेलन घुमानला भरले ते याच नात्याने. नरसीलाही शीख भाविक येतात. त्यांच्या पदांत शिंप्याची हत्यारे रूपके होऊन येतात, म्हणजे इतके चालूनही घरचा धंदा त्यांनी शब्दांतून टाकला नाही. आपण त्यांचे अभंग वाचतो ते छापील पानावर, स्थिर बसून. पण ही रचना चालणाऱ्या माणसाची, चालणाऱ्यांनी गावी म्हणून केलेली आहे. माळावर तासाभराने पावलांना जी लय येते, ती एकदा अंगात मुरली की टाळांबरोबर म्हटलेल्या ओळीचा ठेका वेगळा ऐकू येतो. हे काही संशोधन नव्हे. पण छंदःशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांना दोन मैल चालवून आणावे, असे वाटण्याइतके ते खरे आहे.

आणि नावाचेही उत्तर वारीनेच दिले. पालखी वाटेत थोडा वेळ थांबते, त्या जागेला 'विसावा' म्हणतात. तेथे मुक्काम नसतो. कोणीतरी शिदोरी सोडते, कोणीतरी पाणी देते, पाय मोकळे होतात आणि मग पुढे जायचे असते. देणारा गावातला आणि घेणारा वाटेवरचा, एवढे त्यात गृहीत असते. आपल्या चार दिवसांच्या सुट्टीला हा शब्द चालेल. मात्र विसावा म्हटले की देणाऱ्याची आठवण ठेवावी लागते: त्या चार तासांतल्या ज्वारीची, ती राखणाऱ्या हातांची आणि गुरांनी आपल्या पायांनी आखून ठेवलेल्या वाटांची.